टॅलीच्या कॉम्प्युटरला कायम लटकलेली डिस्क, आणि दुकानातल्या आणखी काही चुका

मार्चअखेरीला एका हार्डवेअर दुकानातून सकाळी साडेनऊला फोन आला: "टॅली उघडतंय, पण आपली कंपनीच दिसत नाहीये." जाऊन बघतो तर डेटाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलेलं, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी: पैसे भरा, किल्ली देतो. शेठ मात्र निवांत. "बॅकअप आहे की!" काउंटरखाली हार्ड डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता. दोन वर्षांपासून ती त्याच कॉम्प्युटरला लावलेली. तिच्यातल्या फाइलींनाही तेच शेपूट.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, कॉम्प्युटरवर जे जे दिसतं त्या सगळ्याला ते कुलूप घालतं. त्यात पेनड्राइव्ह आला, बाहेरची डिस्क आली, आतल्या खोलीतल्या मशीनचा शेअर केलेला फोल्डरही आला. म्हणून डिस्क दोन घ्या. संध्याकाळी गल्ला मोजताना एक लावायची, कॉपी झाली की काढायची. दुसरी घरी ठेवायची आणि दर शनिवारी अदलाबदल करायची. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचा बिल नंबर जुळतो का ते बघा. ही शेवटची पायरी करणारे मला फारच थोडे भेटले. बाकीच्यांना बॅकअप रिकामा असल्याचं गरज पडते त्या दिवशीच कळतं.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला आडवं केलं, तेव्हा आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. तो हल्ला शिरला कुठून, तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कचा पाया असलेल्या माहितीची एकच प्रत वाचली, ती घानातल्या ऑफिसात, कारण तिथे वीज गेल्यामुळे ते मशीन नेटवर्कपासून तुटलेलं होतं. लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण.

अपडेट पुढे ढकलणं ही तर रोजची गोष्ट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्या भोकातून घुसखोरी केली, त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी बिलिंगचे कित्येक डबे अजून त्याच्यावरच चाललेत.

तसंच एनीडेस्कचं, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरचं. टॅलीवाला दुरून दुरुस्ती करून जातो, पण ते मागे चालूच राहतं, आणि पासवर्ड दुकानाचं नाव नि १२३. काम झालं की ते काढून टाका.

मोबाइलवर तीन गोष्टी सांभाळा. व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन 'एपीके' (अँड्रॉइड अॅपची) फाइल असेल तर उघडू नका. पत्रिका फोटोत येते, नाहीतर पीडीएफमध्ये. ती अॅप कशाला असेल? यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. हे काउंटरवरच्या पोरालाही माहीत असू द्या. आणि "आमचं बँक खातं बदललंय" अशी पुरवठादाराची मेल आली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर केलात तर तो चोरच उचलेल.

एवढं करूनही फाइलींना शेपूट दिसलंच, तर सगळ्यात आधी नेटची वायर उपटा, वायफाय बंद करा आणि लावलेली डिस्क काढा. मशीन फॉरमॅट करू नका. घाबरून तेच पहिल्यांदा केलं जातं आणि पुरावा जातो. चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढा. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात, म्हणून पैसे भरायच्या आधी तिथे बघा. तसेही पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार?

खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, त्यामुळे तासाभराचा उशीरही नडतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात अशी घटना कळवायला ६ तास दिलेत, ते तुमच्या सीएंना आठवण करून द्या.

त्या शेठना सीएंकडे जानेवारीपर्यंतचा डेटा मिळाला. पुढचे दोन महिने कागदी बिलांवरून पुन्हा भरले. मुलगा नि सून रोज रात्री बारापर्यंत बसत होते. उधारीची वही हाताने लिहिलेली होती म्हणून गिऱ्हाइकांकडचे पैसे तरी बुडाले नाहीत. आता त्यांनी दोन डिस्क घेतल्यात. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा काउंटरखाली दोन निळे दिवे लुकलुकत होते.