टेबलाखाली मांजरपाटाची झोळी

घरी दागिने घडवताना पाठ धरते ती टेबल बुटकं असल्यामुळे. साधं टेबल 75 सेंटिमीटरचं असतं, कानस चालवायला 90 ते 95 हवं. पायांखाली 15 सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे द्या. त्यांत पायापुरती खाच कोरा, नाहीतर ठोकताना टेबल सरकतं.

खरी बचत मात्र टेबलाखाली आहे. पुढच्या कडेला आतून हुक लावून मांजरपाटाची झोळी मांडीच्या वर सैल टांगा, सोन्या-चांदीचा कीस तिच्यात पडतो. नायलॉन नको, कीस चिकटून बसतो, झटकला तरी सुटत नाही. डाग देताना, म्हणजे तापवून सांधा जोडताना, झोळी काढाच. तापलेला तुकडा पडला की भोक पडलंच. सोनं आणि चांदी यांचा कीस वेगळ्या डब्यांत ठेवा. करवतीच्या पात्यांचे तुकडे काढायला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कीसावरून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबकापासून सोडवा. लोखंड अलगद गळून पडतं.

बेळगाव-खानापूरच्या पावसात कानशी हमखास गंजतात. तेल लावू नका, दातांत कीस बसतो. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच कोरडे खडू टाकून ठेवा आणि आठवड्याने खडू उन्हात किंवा चुलीजवळ वाळवा.