बाहेर धो धो पाऊस, नळ मात्र कोरडा: पाणी साठवताना या चुका टाळा

गोव्यात कुणाला सांगावं की आणीबाणीसाठी घरात पाणी भरून ठेवा, तर तो आधी खिडकीबाहेर बघतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथं, पाण्याची कसली आणीबाणी? ऑगस्ट २०१९ पर्यंत आम्हीही असंच म्हणायचो. मग ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या खांडेपार गावाजवळ फुटल्या आणि फोंडा, तिसवाडीतले नळ जवळजवळ आठवडाभर कोरडे राहिले. तेही भर पावसात! पागोळ्यांखाली बादल्या लावून संडासाची सोय झाली, पण प्यायला काय?

टँकर आल्याची हाक ऐकून मी हाताला लागला तो कॅन घेऊन धावलो. रांगेत तासभर उभं राहून वीस लिटर आणले. घरी आल्यावर आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे पाणी आहे की हुर्राक?" हुर्राक म्हणजे फेणीच्या आधी निघणारी काजूची दारू, आणि कॅन कधीकाळी फेणीचा होता. गरम पाणी, लिंबू, सोडा, सगळं करून बघितलं, वास हटला नाही. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं. फेणीच्या वासाने निदान जीव जात नाही. पण फवारणीचं औषध, फिनेल, रॉकेल किंवा रंगाचा थिनर ठेवलेला कॅन कितीही धुतलात तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. दुधाचे कॅनही नकोत, कारण कानाकोपऱ्यात राहिलेल्या दुधावर जंतू वाढतात. अन्नासाठी बनवलेला, घट्ट झाकणाचा, शक्यतो अपारदर्शक नवा कॅन घ्या. भरण्याआधी साबणाने धुवा. मग एक लिटर पाण्यात चमचाभर (५ मिली) बिनवासाचं ब्लीच घालून ते आतून सगळीकडे फिरवा, अर्ध्या मिनिटाने ओतून टाका आणि स्वच्छ पाण्याने विसळा.

आता दुसरी चूक. ही शहाणी माणसंच जास्त करतात: फिल्टरचं "शुद्ध" पाणी साठवणं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन उरलेलं असतं आणि तेच साठवलेल्या पाण्याची राखण करतं. घरच्या फिल्टरमधला कार्बन ते काढून टाकतो. मग चुकून एखादं बोट लागलं, झाकण सैल राहिलं, तर जंतूंना अडवणारं कुणी नाही. म्हणून कॅनमध्ये सरळ नळाचं पाणी भरा, आणि गाळायचं ते पिताना गाळा. शिवाय आरओ फिल्टर विजेवर चालतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात झाडं तारांवर पडली, कित्येक गावं काही दिवस अंधारात होती. खालच्या टाकीत पाणी असूनही पंप बंद, त्यामुळे वर थेंब नाही. वादळाचा इशारा मिळताच वरची टाकी काठोकाठ भरा, आणि खालच्या टाकीत उतरेल अशी दोरी बांधलेली स्वच्छ बादली तयार ठेवा.

किती साठवायचं? पिणं आणि थोडाफार स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर. पाच माणसांच्या घरात तीन दिवसांचे साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. हे अगदी किमान; जागा असेल तर आठवड्याचे १४० लिटर ठेवा. आंघोळ, भांडी, संडास याचा हिशेब वेगळा, त्याला पावसाचं पाणी चालतं. मात्र सगळं एकाच पिंपात नको. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ते जुन्या घराच्या बाल्कनीत चढवू नये.

"आमची बांय (विहीर) आहे, आम्हाला काय!" हे तर नेहमीचंच. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोलीत पाणी घरांत शिरलं. अशा वेळी गोठ्याचं, सेप्टिक टाकीचं पाणी विहिरीत जातं. पुराचं पाणी गेलेली विहीर दिसायला निवळली तरी आरोग्य केंद्राकडून निर्जंतुक करून घेतल्याशिवाय तोंडाला लावू नका. एरवीच्या निर्जंतुकीकरणासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ९,४०० लिटर भरतं, म्हणजे २४ ग्रॅम पावडर. ती रात्री टाकावी आणि सकाळपर्यंत कळशी सोडू नये. मात्र वर्षभर उघडी पडलेली पावडर निकामी होते. नुसता वास येतो, काम करत नाही.

बिघडलंच तर

पाणी हिरवट दिसतंय? कॅनवर ऊन येतंय आणि शेवाळ धरलंय. ओता, घासा, ब्लीचने धुवा आणि कॅन सावलीत ठेवा.

वाहिनी दुरुस्त झाल्यावर येणारं पहिलं लालसर पाणी कॅनमध्ये भरू नका, झाडांना जाऊ द्या.

पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या. गॅस नसेल तर ५-६ टक्क्यांचं बिनवासाचं, बिनरंगाचं ब्लीच लिटरला दोन थेंब घालून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, कापडातून गाळा आणि चार थेंब घाला. शेवटी क्लोरीनचा हलकासा वास यायला हवा. क्लोरीनच्या गोळ्यांचं प्रमाण पाकिटावर असतं तेच पाळा, कारण गोळीगणिक ते बदलतं.

उकळलेलं पाणी बेचव लागलं तर दोन भांड्यांत वरून ओतून फिरवा.

डासांचं विसरू नका. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, आपल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. पिंपाला झाकण हवंच, आणि वापराच्या पाण्याची पिंपं आठवड्याला रिकामी करून आतून घासा. अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं ओतून जात नाहीत.

कॅनमधलं पाणी सहा महिन्यांनी बदलायचं. आमच्याकडे एकदा मृगाच्या आधी आणि एकदा नोव्हेंबर संपताना कॅन रिकामे होतात. तारीख लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा प्रत्येक कॅनवर असतो, आणि जुन्या पाण्याने अंगण धुतलं जातं. फेणीचा तो कॅन अजून आहे, त्यात आता फेणीच असते.