एआरटी ओपीडी संपल्यावर मोबाइलवर अभ्यास कसा करायचा

मी २००९ साली मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी सेंटरवर (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र) कंत्राटी मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाले, तेव्हा बरेचसे पेशंट एसएलएनवर होते. म्हणजे स्टॅव्हुडिन, लॅमिव्युडिन, नेविरापिन या तीन औषधांवर. स्टॅव्हुडिनच्या दुष्परिणामाने गाल बसलेले, हातापायांच्या शिरा वर आलेल्या. रांगेत लांबूनही ओळखू यायचे. मग स्टॅव्हुडिनच्या जागी झिडोव्युडिन असलेलं झेडएलएन वाढलं, मग टेनोफोविर, लॅमिव्युडिन, एफाविरेन्झचं टीएलई, आता एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर असलेलं टीएलडी. दर वेळी पाटी पुसून नव्याने शिकावं लागलं आणि त्यातलं बरंचसं शिक्षण रात्री साडेनऊनंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मोबाइलच्या पडद्यावर झालं.

नव्याने रुजू झालेले डॉक्टर फोन करतात. "मॅडम, एचआयव्हीचा कुठला ऑनलाइन कोर्स करू?" मी म्हणते, कोर्सचं नंतर बघू, आधी वही आणा.

शंभर पानी साधी वही पुरे. ओपीडीत जिथे जिथे अडलात, तो प्रश्न त्याच दिवशी एका ओळीत लिहायचा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: टीएलडी सुरू केल्यावर महिन्याभरात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) ०.८ वरून १.० झालं, टेनोफोविर बंद करू का? गरोदर बाई लोह आणि कॅल्शियम घेते, डोल्युटेग्राविर किती अंतराने द्यायचं? डायबेटिसच्या काकांना मेटफॉर्मिन २ ग्रॅम चालू आहे, डोल्युटेग्राविरसोबत चालेल? आठवड्याला असे पाच-सहा प्रश्न जमतात. अभ्यासक्रम तुमचा तुम्हीच तयार केलेला असतो, आता फक्त उत्तरं शोधायची. वही नसताना कोर्स सुरू केला की माणूस पहिल्या धड्यात विषाणूची रचना वाचतो, दुसऱ्या दिवशी ओपीडी लांबते, आणि तिसऱ्या धड्याला कोर्स कायमचा अडकतो. माझे असे तीन कोर्स अजून अर्धवट पडलेत.

दुसरी गोष्ट, नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) २०२१ च्या उपचार मार्गदर्शक तत्त्वांची पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. वाचून काढायची म्हणून नाही. बाहेरचं काहीही ऐकलं की आपल्याकडे काय म्हटलंय हे तिथे तपासायचं म्हणून. याचं कारण पुढे येईलच.

आता कोर्स. पाया पक्का करायला माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगलं साधन म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठाचं नॅशनल एचआयव्ही करिक्युलम. सिएटलचं हे विद्यापीठ ते पूर्ण मोफत देतं. सहा विभाग आहेत, सोबत प्रश्नपेढी. पहिल्यापासून सुरू करू नका. तिसरा विभाग एआरटीचा, चौथा सोबतच्या आजारांचा. आपलं निम्मं काम या दोनांत आहे. माझी पद्धत उलटी आहे. आधी प्रश्नपेढी उघडायची, केस वाचायची, पर्याय हाताने झाकायचे आणि आपण उद्या ओपीडीत काय केलं असतं ते कागदावर लिहायचं. मग पर्याय बघायचे. चुकलं तरच धडा वाचायचा. पर्याय समोर असले की आपण सगळेच हुशार असतो.

पण ही अमेरिकेची ओपीडी आहे हे डोक्यात ठेवा. तिथे नव्या पेशंटची उपचारांआधीच जीनोटाइप चाचणी (विषाणू कोणत्या औषधांना दाद देणार नाही ते सांगणारी) करतात. आपल्या कार्यक्रमात ती सरसकट होत नाही. तिथे बिक्टेग्राविरची गोळी सर्रास लिहितात, आपल्याकडे टीएलडी. तिथे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) २०० च्या वर राहिला की उपचार फसले असं धरतात, आपल्याकडे ती रेषा १००० ची. इतर संसर्ग टाळण्यासाठीचं कोट्रायमोक्साझोल तिथे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २०० च्या खाली गेल्यावर, इथे ३५०. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक उत्तराला दोन रकाने असतात, 'तिकडे' आणि 'इकडे'. दुसरा रकाना नॅकोच्या पीडीएफमधून भरायचा. तो रिकामा असेल तर पेशंटवर काही करायचं नाही.

आणि काही उत्तरं दोन्ही रकान्यांत नसतात. उपचार फसल्याच्या धड्यात रेजिस्टन्सवर, म्हणजे विषाणू औषधाला दाद देत नाही त्यावर, पानंच्या पानं आहेत. आमच्याकडे दिवाळीनंतर व्हायरल लोड वाढलेले निम्मे लोक ऊसतोडीला गेलेले असतात. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, गोळ्या महिन्याच्या आणि मुक्काम पाच महिन्यांचा. कोप्यावर (फडाजवळच्या झोपडीत) गोळ्यांची डबी दिसली तर लोक विचारतील म्हणून ती घरीच ठेवून गेलेली बाईसुद्धा मी पाहिली आहे. हा धडा मला काउन्सेलर ताईंनी शिकवला. त्या दसऱ्याच्या आधीच यादी काढतात, कोण कोयत्याला जाणार, कुणाला जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, कुणाला जवळचं लिंक सेंटर (गोळ्या देणारं लहान केंद्र) जोडून द्यायचं.

औषधांच्या आपसातल्या भांडणांसाठी कोर्सची गरजच नाही. लिव्हरपूल विद्यापीठाचं एचआयव्ही ड्रग इंटरॅक्शन्सचं साधन ओपीडीतच उघडा, तेही मोफत. एका बाजूला एआरटीचं औषध, दुसऱ्या बाजूला दुसरं औषध टाका. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असा निकाल येतो. लाल म्हणजे एकत्र द्यायचंच नाही. मात्र आपले ब्रँड तिथे शोधू नका, पट्टीमागचं मूळ नाव टाका. एका गोळीत तीन औषधं असतील तर तिन्ही वेगवेगळी टाका. रंग बघून थांबू नका, खालचा परिच्छेद वाचा, खरं शिक्षण तिथे आहे. वर वहीत लिहिलेले तीन प्रश्न इथेच सुटतात. डोल्युटेग्राविर क्रिएटिनिनचा मूत्रपिंडातला बाहेर पडण्याचा एक रस्ता अडवतं, म्हणून आकडा थोडा वर जातो. मूत्रपिंड बिघडलेलं असतंच असं नाही. मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी ते वाढवतं, म्हणून दिवसाला १ ग्रॅमच्या वर जाऊ नये. लोह-कॅल्शियम जेवणासोबत घेतलं तर डोल्युटेग्राविर बरोबरच चालतं. उपाशीपोटी असेल तर डोल्युटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आणि रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, हे तर टीबीच्या आपल्या मुलखात पाठच असायला हवं.

स्टॅनफर्डचा रेजिस्टन्स डेटाबेस रोज लागत नाही, पण एका रविवारी त्याच्याशी खेळून बघा. एम१८४व्ही हे म्युटेशन (विषाणूच्या जनुकातला बदल) टाका. लॅमिव्युडिनचे गुण (जितके जास्त तितकं औषध निकामी) एकदम चढतात, पण टेनोफोविर आणि झिडोव्युडिनचे उलट कमी होतात. विषाणू एका औषधाला दाद देत नाही तेव्हा दुसऱ्याला जास्त बळी पडतो, हे मला पुस्तकात वाचून कधी लक्षात राहिलं नव्हतं. स्वतः टाइप केलं आणि पक्कं बसलं.

या सगळ्याहून मी जास्त शिकले ती केस सेशनमध्ये. इको पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सीसाठी ती सुरू केली. दूरच्या गावातल्या डॉक्टरनं आपली केस व्हिडिओवर मांडायची, तज्ज्ञांनी आणि इतर डॉक्टरांनी मिळून चर्चा करायची, पेशंट मात्र गावच्या डॉक्टरकडेच राहतो. भारतात एचआयव्हीसाठीही याच धर्तीवर सेशन होतात. नुसतं ऐकायला बसू नका, केस द्या.

मी पहिली केस दिली ती अशी. सेकंड लाइनवर (पहिली औषधं फसल्यावरच्या उपचारावर) असलेली पन्नाशीची मावशी, अटाझानाविर आणि रिटोनाविर चालू. व्हायरल लोड दबलेला. वर्षभरात चेहरा गोल झाला, बीपी वाढलं, साखर वाढली. वजन वाढलं तेव्हा मी केसपेपरवर 'छान' असं लिहिलं होतं, अजून आहे तो कागद. दहा मिनिटं चर्चा झाली. मग दुसऱ्या राज्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "त्यांना दमा आहे का? इनहेलर कोणता?" मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर मावशी म्हणाल्या, "औषध नाही हो काही, नुसता पंप आहे." फ्लुटिकासोनचा पंप. रिटोनाविर यकृतातलं एन्झाइम अडवतं, त्यामुळे ओढून घेतलेलं ते स्टेरॉइड शरीरात साठत जातं आणि स्वतःच्या अॅड्रिनल ग्रंथी झोपी जातात. त्या ग्रंथींचं संप्रेरक कॉर्टिसॉल तपासलं, अगदी खाली होतं. असा पंप एकदम बंद करायचा नसतो, नाहीतर पेशंट कोसळतो. फिजिशियननी सावकाश बदल करून रिटोनाविरसोबत चालणाऱ्या बेक्लोमेटासोनच्या पंपावर आणलं. चेहरा मूळ रूपावर यायला कित्येक महिने गेले. तेव्हापासून मी "दुसरं औषध चालू आहे का" असं विचारत नाही. "पिशवी दाखवा, पंप, मलम, डोळ्यांचे थेंब, काढा, सगळं" असं म्हणते.

केस मांडायची एक रीत आहे. एआरटी कोणत्या वर्षी सुरू झाली, कोणत्या क्रमाने औषधं बदलली आणि का, सगळ्यात कमी सीडी४ आणि शेवटचा, प्रत्येक व्हायरल लोड तारखेसह, टीबी झाला होता का, वजन, क्रिएटिनिन, बाकीची सगळी औषधं. आणि शेवटी प्रश्न एकच. दोन प्रश्न विचारले की दोन्हींची अर्धी उत्तरं मिळतात.

नाव, एआरटी नंबर, गाव, फोटो यातलं काही स्लाइडवर येता कामा नये. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि लेखी संमतीशिवाय पेशंटची ओळख उघड करणं त्यात बसत नाही. पण नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं समजू नका. 'अमुक तालुक्यातला ट्रक ड्रायव्हर, भाऊ सरपंच' एवढ्यावर आमच्या जिल्ह्यात कुणीही माणूस ओळखेल. धंदा बदलून लिहा, तालुका गाळा. स्लाइडचा फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको.

परिषदांचं थोडक्यात. अमेरिकेतली भाषणं आपल्याकडे मध्यरात्री चालू असतात. जागू नका, रेकॉर्डिंग नंतर बघा. २०२४ च्या म्युनिकच्या एड्स परिषदेत एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या लेनाकॅपाविरचा निकाल आला, सहा महिन्यांतून एक इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ तरुणींत एकही लागण नाही. ऐकून अंगावर काटा आला, पण माझ्या सोमवारच्या ओपीडीत त्यानं काही बदललं नाही. त्याउलट २०२३ चा रिप्रीव्ह अभ्यास, ज्यात भारतातले पेशंटही होते. ४० ते ७५ वयाचे ७७६९ लोक, रोज पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), हृदयविकारासारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी. त्यानंतर मी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि लिपिड बघायला लागले. भाषण ऐकताना हीच कसोटी लावा. आणि पहिल्या स्लाइडवर प्रायोजक कोण ते वाचायला विसरू नका. वक्ता औषधाचं मूळ नाव न घेता सारखा ब्रँड घेत असेल तर मी आवाज बंद करून भाजी निवडते.

राहिले क्रेडिट पॉइंट, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे गुण. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. परदेशी कोर्सचं सर्टिफिकेट कितीही देखणं असलं तरी ते इथे आपोआप चालेल असं धरून चालू नका. कार्यक्रमाच्या पत्रकावर कौन्सिलची मान्यता आहे का ते नाव नोंदवण्याआधी बघा. सर्टिफिकेट आलं की त्याच दिवशी ई-मेलमधल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. लॉगिन करताना नाव नोंदणीवर आहे तसंच्या तसं लिहा. एकदा माझा मोबाइल चार्जिंगला होता म्हणून मी मुलाच्या टॅबवरून दोन तासांचं टीबी-एचआयव्ही सेशन केलं, प्रश्नही विचारला. सर्टिफिकेट आलं ते मुलाच्या नावाने, पुढे 'डॉक्टर' लावून. तेव्हा तो आठवीत होता.