ऑपेराचं नेपथ्य आणि वेशभूषा: आधी कान, मग पेन्सिल

नाटकाचं नेपथ्य करून ऑपेराकडे वळणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून घ्यावी. इथला वेळ संगीतकाराने आधीच ठरवून ठेवलेला असतो. नाटकात दार जरा लांब पडलं, तर नट दोन पावलं जास्त चालतो आणि वाक्य सावकाश घेतो. ऑपेरात वाद्यवृंद कुणासाठी रेंगाळत नाही. आठ मापांच्या (म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांएवढ्या, ‘बार’च्या) संगीतात गायिकेला जिन्यावरून उतरून खुर्चीपर्यंत पोहोचायचं असेल, तर जिन्याला किती पायऱ्या हे बऱ्याच अंशी त्या आठ मापांनीच ठरवलेलं असतं.

म्हणून मी कामाला बसते ती व्होकल स्कोर घेऊन. गाण्याच्या ओळी आणि पियानोसाठी उतरवलेला वाद्यवृंद असं त्या पुस्तकाचं स्वरूप असतं. नोटेशन सराईतपणे वाचता आलं नाही तरी चालेल, पण ध्वनिमुद्रण ऐकताना पान कुठे उलटायचं हे कळायलाच हवं. प्रत्येक ओळीखाली शब्दशः अर्थ लिहा. पात्र कधी येतं, कधी जातं, मधल्या संगीताला किती सेकंद मिळतात, हे समासात नोंदवा. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढचे बरेच वाद या नोंदींमुळेच टळतात. रेखाटनं नंतर.

अभ्यासाला मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ (1786) घ्या, असं मी प्रत्येक नवख्याला सांगते. पडदा उघडतो तेव्हा फिगारो खोलीत पलंग कुठे मावेल हे मोजत असतो, म्हणजे नेपथ्यकाराचंच काम करत असतो! पुढे एका आरामखुर्चीमागे केरुबिनो हा पोरगेला हुजऱ्या लपतो. मग वाड्याचा मालक असलेला सरदार तिथेच लपायला येतो, तेव्हा केरुबिनो वळसा घालून खुर्चीत शिरतो आणि फिगारोची वधू सुझाना त्याच्यावर कापड टाकते. खुर्चीची पाठ बुटकी असेल तर प्रवेश कोसळतो, फार मोठी असेल तर मागे उभ्या असणाऱ्यांचे चेहरे जातात. दुसऱ्या अंकात सुझाना गाता गाता त्याच केरुबिनोला बायकी कपडे घालते. केरुबिनोची भूमिका करते गायिका, म्हणजे बाईने वठवलेल्या मुलाला मुलगी बनवायचं, तेही प्रेक्षकांसमोर आणि जेमतेम तीन मिनिटांच्या गाण्यात. त्या झग्याला नाजूक बटणांची रांग लावून भागत नाही. दिसायला बटणं आणि आत हुक किंवा चाप, अशी युक्ती करावी लागते.

उलट प्रकारची अडचण पुच्चीनीच्या ‘ला बोहेम’मध्ये (1896) येते. पहिला अंक माळ्यावरच्या थंडगार खोलीत दोघांच्या गाण्यावर संपतो, आणि दुसरा उघडतो तो पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्यावर, कोरस (समूहगायक) आणि मुलांच्या घोळक्यासकट. ती छोटी खोली रस्त्याला जागा कशी करून देणार, हा प्रश्न पहिल्याच रेखाटनात सोडवलेला असावा.

आता आवाजाबद्दल. ऑपेरातला गायक सहसा मायक्रोफोनशिवाय गातो, आणि त्याचा आवाज वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा असतो. गायकाच्या मागे लाकूड किंवा प्लायवूडची कडक भिंत असेल तर आवाज प्रेक्षकांकडे परततो. जाड मखमली पडद्यांनी वेढलेला मोकळा रंगमंच फोटोत देखणा दिसतो, पण आवाज गिळून टाकतो. वाद्यवृंदाला आणि गायकांना हाताच्या इशाऱ्यांनी चालवणारा कंडक्टर दिसणंही तितकंच महत्त्वाचं आहे. बाजूला किंवा वरच्या पातळीवर उभं राहून गायचं असेल, तर तिथून कंडक्टर किंवा निदान त्याला दाखवणारा विंगेतला मॉनिटर (पडदा) दिसतो का, हे नकाशावर रेघ ओढून तपासा.

वेशभूषेत माझा सगळ्यात मोठा आग्रह बरगड्यांसाठी. गाताना छाती फुलते तशीच पाठ आणि कुशीही फुलतात. कॉर्सेट शिवायचंच असेल तर बाजूला ताणणाऱ्या पट्ट्या घाला, आणि फिटिंगच्या वेळी गायिकेला नुसतं उभं करू नका, तिचा सर्वांत लांब श्वासाचा स्वर गायला लावा. गळा आवळणारी कॉलर नको. कान झाकणारा विग किंवा शिरस्त्राण घातलं की गायकाला वाद्यवृंद नीट ऐकू येत नाही. रुंद काठाच्या टोपीने चेहऱ्यावर सावली पडते. टॅफेटासारखं सळसळणारं कापड हळुवार गाण्यात फार बोलतं. बुटांच्या तळाला रबर लावा, उतरत्या रंगमंचावर तर नक्कीच. एकाच भूमिकेसाठी दोन गायक असतील तर शिवणीत भरपूर माया ठेवा.

सेटचं छोटं मॉडेल बहुतेक ठिकाणी 1:25 प्रमाणात करतात. त्यात माणसाची आकृती जेमतेम सात सेंटीमीटरची होते. ती आकृती मॉडेलमधून कधीही काढू नका. तिच्याशिवाय भव्यता फसवी असते. बाल्कनीच्या उंचीवरूनही मॉडेल न्याहाळा, कारण वरच्या प्रेक्षकांना भिंतींपेक्षा जमीनच जास्त दिसते, आणि नवखे डिझायनर जमिनीकडे सर्रास दुर्लक्ष करतात. जिथे आज एक ऑपेरा आणि उद्या दुसरा असा क्रम असतो, तिथे तुमचा सेट रात्रीतून सुटा होऊन परत उभा राहायला हवा. सांधे कुठे येतील हे तुम्ही काढलं नाहीत, तर कार्यशाळा तिच्या सोयीने काढेल.

सेटवरच्या तालमी आधी पियानोवर होतात, वाद्यवृंद शेवटी येतो. तुमच्या सगळ्या दुरुस्त्या पियानोच्या तालमीत उरकून घ्या. वाद्यवृंदाच्या तालमीतला वेळ कंडक्टरचा असतो. तिथे दार अडकलं तरी गाणं पुढे जातं आणि तुम्ही वहीत टिपून घ्यायचं.

शिरकाव करायचा तर मॉडेल बनवणाऱ्या साहाय्यकाच्या जागेसारखी शाळा नाही. पोर्टफोलिओत रंगीत चित्रांच्या जोडीला मोजमापांसह ग्राउंड प्लॅन (वरून पाहिलेला सेटचा नकाशा), एक सेक्शन (बाजूने कापून दाखवलेला छेद) आणि एखाद्या अंकाचा मिनिटांनुसार आराखडा ठेवा. माझ्याकडे कुणी काम मागायला आलं, की मी तो आराखडा आधी बघते.