सोयाबीनवाल्यांनो, यंदा तरी सरी पाडा

सप्टेंबरात काळ्या रानात तुंबलेल्या जागचं सोयाबीन उपटून बघा. मूळ काळं, कुजका वास. मुळावरची गाठ नखानं फोडा. जिवंत गाठ आतून गुलाबी असते, ही मातकट निघते. बांधापलीकडे सरी पाडलेली असते, तिथलं पीक हिरवंगार. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला. मराठवाड्यात हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येते.

पाऊस बदलला हे पारावर सगळेच बोलतात, पेरणी मात्र जुन्याच सपाट रानात. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. १९०१ पासून देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं चढलंय. हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते आणि ती ओततेही तशीच. हवामान खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या तारखा बदलल्या, मुंबईतून परतीची तारीख ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे आपल्याकडेही शेंगा वाळायच्या वेळेला पाऊस अंगावर. उलट २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ नंतरचा सगळ्यात कोरडा. २०२५ ला मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला आणि सप्टेंबरात मराठवाड्यातली नदीकाठची रानं खरडून गेली.

पावसाचा खंड आणि पाणी तुंबणं, दोन्हीवर एकच इलाज: सरी. खंडात ती ओल धरते, मुसळधारीत पाणी बाहेर काढते. शक्य असेल तर बीबीएफ (रुंद वरंबा आणि सरी पाडणाऱ्या) यंत्रानं वरंब्यावरच पेरा, बियाणंही कमी लागतं. यंत्र मिळत नसेल तर दर ४ ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि ३०-३५ दिवसांनी कोळप्याला दोरी गुंडाळून तिथं सरी उघडा. सरी उताराला आडवी, थोडा ढाळ देऊन. शेवटी चर काढून ओढ्याला जोडा. शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडू नका, तो तंटा वेगळाच. सरकारी अतिवृष्टी २४ तासांत ६५ मि.मी. झाल्यावर धरतात. मुळाला तो आकडा कळत नाही, दोन दिवस पाणी साचलं की ते गुदमरतं.

बाकी कामं:
– घरच्या बियाण्याची उगवण तपासा: १०० दाण्यांत किमान ७०
– ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका
– बियाणं एकरी ३० किलो, खोली ३-४ सें.मी., ओळींत ४५ सें.मी.
– बीजप्रक्रिया: कार्बोक्झिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के, किलोला ३ ग्रॅम, मग रायझोबियम (मुळावर गाठी धरणारे जिवाणू)
– हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश, २० गंधक
– पेरणी १५ जुलैपर्यंत

पर्जन्यमापक नसेल तर खोऱ्यानं वीतभर खणा. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली असेल तर पेरा. मध्ये कोरडा थर दिसला तर थांबा, मृग निघून जात असला तरी. हे पुस्तकातलं नाही, पण मला यानं फारसं फसवलेलं नाही.

पानं पिवळी पडली की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो, ‘फुटवा बघा’ म्हणतो. पाणी साचून पिवळी पडलेल्या पानांवर काहीही फवारा, मुळाला हवा मिळत नाही तोवर पैसे मातीत. आधी चर फोडा, वाफसा येऊ द्या, म्हणजे रान ओलं पण हवा खेळती. पावसाच्या खंडात मात्र पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम फवारलेलं उपयोगी पडतं, आणि ते त्या रंगीत बाटल्यांपेक्षा स्वस्त आहे.

बीबीएफ यंत्र गावात एखादंच असतं आणि वाफसा सगळ्यांना एकाच आठवड्यात येतो. भाड्याचं आत्ताच ठरवून ठेवा.