डास आणि गोचिडींच्या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांसाठी

डासांवर संशोधन करायचं म्हणून जे विद्यार्थी भेटायला येतात, त्यांतले बहुतेक जण आधी प्रयोगशाळेबद्दल विचारतात. मी त्यांना एक गणित घालते. मलेरियाचा परजीवी पोटात गेला की डास लगेच रोग पसरवू लागतो, असं नसतं. परजीवी वाढून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला साधारण दहा दिवस लागतात, हवा गार असेल तर आणखी. आता शंभर माद्या घ्या. त्यांतल्या रोज 90 टक्के जगत असतील, तर दहा दिवसांनी सुमारे 35 उरतात. रोज 80 टक्के जगत असतील, तर जेमतेम 11. भिंतींवर कीटकनाशक फवारतात ते याच कारणाने. रक्त पिऊन भिंतीवर विसावलेली मादी म्हातारी होण्याआधीच मरते. जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी 1950च्या दशकात हा विचार गणिती रूपात मांडला. तो वाचताना ज्याचं कुतूहल चाळवतं, तो या क्षेत्रात रमतो असा माझा अनुभव आहे.

आमचं काम कीटक मोजण्यापुरतं नाही. रोग, त्याचा वाहक, ज्यांच्या रक्तावर वाहक जगतो ते प्राणी आणि हवामान यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे आम्ही शोधतो. माकडताप हे मला सर्वांत शिकवणारं उदाहरण वाटतं. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. माकडं मरतात म्हटल्यावर शास्त्रज्ञांना आधी पीतज्वराची शंका आली, म्हणजे संशय डासांवर गेला. निघाला मात्र एक नवाच विषाणू, आणि तो पसरवणाऱ्या होत्या गोचिडी. मेलेलं माकड थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागी माणसाला धोका निर्माण होतो. पूर्ण वाढलेल्या गोचिडींना रक्तासाठी मोठी जनावरं लागतात, त्यामुळे जंगलाच्या कडेला चरणारी गुरं त्यांची संख्या वाढवतात. विषाणू, माकड, गुरं, जंगलतोड, सरपण आणायला जाणारी माणसं: यांतलं एक जरी सुटलं तरी साथीचं कोडं उलगडत नाही.

अमेरिकेच्या ईशान्य भागातला लाइम रोगही असाच. तो गोचिडींतून पसरणाऱ्या जिवाणूमुळे होतो. ओकच्या झाडांना भरपूर फळं आली की पुढच्या वर्षी पांढऱ्या पायांचे उंदीर वाढतात. गोचिडीच्या अळ्यांना जिवाणू मुख्यतः या उंदरांकडून मिळतो. त्यानंतरच्या वर्षी त्याच अळ्या निम्फ, म्हणजे अळी आणि पूर्ण वाढलेली गोचीड यांच्या मधली अवस्था, होऊन माणसांना चावतात. हे निम्फ खसखशीच्या दाण्याएवढे असतात, चावलेले कळतही नाहीत. झाडाला लागलेल्या फळांचा परिणाम माणसाच्या आजारपणात दिसायला दोन वर्षं लागतात! तीन वर्षांच्या प्रकल्पात ही साखळी पुरती हाती लागत नाही. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या नोंदींबद्दल मी इतकी आग्रही आहे. साथ आली की निधी मिळतो, साथ ओसरली की आटतो, आणि दोन साथींमधली शांत वर्षं नोंदवायची राहून जातात. पुढची साथ का आली हे समजून घ्यायला नेमक्या त्याच वर्षांची माहिती लागते.

मैदानी काम दिसायला साधं असतं. गोचिडींसाठी साधारण एक चौरस मीटरचं पांढरं कापड गवतावरून सावकाश ओढत न्यायचं, ठरावीक अंतरावर थांबून उलटंपालटं करून बघायचं आणि चिमट्याने गोचिडी वेचायच्या. दव असताना हे करू नका. ओल्या कापडाला गोचिडी नीट चिकटत नाहीत. डासांसाठी संध्याकाळी सापळे लावून पहाटे उचलावे लागतात, कारण उन्हात नमुने सुकतात. विषाणू शोधायचा असेल तर नमुना पकडल्यापासून अतिथंड ठेवावा लागतो. कापडावर एकही गोचीड आली नाही, तरी तारीख, जागा, तापमान लिहून पुढे शून्य मांडायचं. नवीन मुलं हे शून्य लिहायला कंटाळतात. पण शून्यं नसतील, तर वाहक कुठे नाही हे कधीच कळणार नाही.

ओळख पटवणं शिकायला वेळ द्या. पंखावरचे खवले, सोंडेशेजारच्या स्पर्शकांची लांबी, पायांवरचे पट्टे बघत शेकडो नमुने डोळ्यांखालून घालावे लागतात. तेवढ्यानेही भागत नाही. भारतातला अॅनोफिलिस क्युलिसिफेसीस हा डास म्हणजे दिसायला सारख्या अशा पाच प्रजातींचा गट आहे. त्यांतली ‘बी’ नावाची प्रजाती मलेरियाची फारच कमकुवत वाहक आहे. इथे डीएनए तपासावाच लागतो. तरी कीटक हाताळलेला डोळा आणि डीएनए यांत आधी काय शिकावं असं कुणी विचारलं, तर मी डोळा म्हणेन.

प्राणिशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असं नाही. पशुवैद्यकातून, भूगोलातून, गणितातून आलेली माणसं या क्षेत्रात उत्तम काम करतात. संख्याशास्त्राला मात्र पर्याय नाही. बहुतेक उंदरांवर एखाद-दुसरी गोचीड असते आणि थोड्याच उंदरांवर ढीगभर. अशा आकड्यांची नुसती सरासरी काढली तर ती दिशाभूल करते. त्यासाठीची संख्याशास्त्रीय वितरणं (आकडे कसे विखुरलेले असतात ते मांडणारी गणिती रूपं) आणि ‘आर’सारखी संगणकीय भाषा पदव्युत्तर शिक्षणातच शिकून घ्या.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: फिकट रंगाचे पूर्ण कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, परतल्यावर सगळं अंग तपासायचं. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. तिच्यावर तेल किंवा काडेपेटी चालवायची नाही.

पीएचडीसाठी जागा शोधताना मार्गदर्शकाचे शोधनिबंध सगळेच वाचतात. तुम्ही त्यांच्या विद्यार्थ्यांशीही बोला. मैदानात कोण जातं, किती वर्षांच्या नोंदी आहेत, त्या वापरायला मिळतात का, संसर्गाचा धोका असलेल्या कामात लस किंवा औषधांची सोय आहे का, आणि ज्यांच्या अंगणात सापळे लावले त्या गावकऱ्यांना निष्कर्ष कुणी जाऊन सांगितले का, हे स्पष्ट विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर मिळालं, तर ती जागा मी इतरांपेक्षा वर ठेवेन.