डीव्हीचा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचा, अर्ज करायचाय? आधी तारखा आठवा

तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात मी अकरा वर्षं बसते. समोरची बाई बहुधा एकच सांगते, "नेहमीच मारतो हो." खरंच असतं ते. पण कोर्टात 'नेहमीच' फार टिकत नाही. म्हणून मी चहा मागवते आणि विचारते, शेवटचं कधी? गौरी-गणपतीत? भाऊबीजेला माहेरी जाऊ दिलं नाही तेव्हा? सणावारांवरून तारखा भराभर आठवतात. तीन-चार प्रसंग नीट लिहा: कशानं मारलं, कोण बघत होतं, दवाखान्यात गेलात का. केसपेपर, फोटो, मेसेज बहिणीच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. वळच दिसायला हवेत असं नाही. शिवीगाळ, पगार काढून घेणं, घरखर्च न देणं, हीसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाच.

मग संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. ते डीआयआर, म्हणजे घटनेचा अहवाल, भरून देतात. त्याचे पैसे नाहीत. वकिलासाठी विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. माहेरी आला असाल तर अर्ज तिथल्या कोर्टातही चालतो.

आता खरी मेख. कलम १२ च्या, म्हणजे कोर्टातल्या मूळ अर्जात कित्येकदा नुसती पोटगी मागितलेली असते. सही करण्याआधी वाचून घ्या. कलम १८ चा संरक्षण आदेश मागा: मारहाण, फोन, कामाच्या जागी येऊन तमाशा, सगळं बंद. कलम १९ मागा: घराबाहेर काढू नये म्हणून. "घर सासूच्या नावावर आहे" एवढ्यानं हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय. आणि कलम २३ चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशासाठीचा, शपथपत्रासह, त्याच दिवशी द्या. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. मी मात्र उन्हाळे-पावसाळे गेलेले बघितलेत. हातात अंतरिम आदेश असला तर ते दिवस निघतात.

आदेशाची प्रत फुकट मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. संरक्षण आदेश मोडून तो दारात आला तर ११२ लावा. ठाण्यात कुणी "घरातलं घरात मिटवा" म्हणालं, तर कलम ३१ आणि ३२ दाखवा: दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एकीनं प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती आणि पिशवी सासूच्या कपाटात. रात्री अकराला पोलीस आले, कागद काही निघेना. तेव्हापासून मी प्रत्येकीला आदेशाच्या तीन झेरॉक्स काढायला लावते, एक शेजारणीकडे.